ओझेवाले शिपाई

१:७२ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या, प्लास्टिक शिपायांची कुठलीही पेटी उघडा, आतला जो तो घाईत असतो. कुणी संगीन रोखून धावतोय, कुणी हातबाँब भिरकावतोय, अधिकारी पिस्तूल उंचावून ओरडतोय. टेबलावरच्या लढाईला हे शोभतंही. पण मला हवे होते पहिल्या महायुद्धातले आल्पिनी, म्हणजे १८७२ साली उभं राहिलेलं इटलीचं डोंगरी पायदळ, आणि तेही उत्तर इटलीतल्या आदामेल्लो डोंगराच्या हिमनदीवर लढलेले. तीन हजार मीटर उंचीवर, गुडघाभर बर्फात, संगीन रोखून धावणार कोण? तिथला शिपाई मुळात चालणारा आणि वाहणारा. त्याच्या पाठीवर काय आहे ते कळलं की निम्मा शिपाई तयार झाला.

म्हणून साधं इटालियन पायदळ घ्यायचं आणि त्यालाच डोंगर चढायला लावायचा. पोटाशी कटरने त्रिकोणी खाच घ्यायची, उकळत्या पाण्यात धरून पुढे वाकवायचं आणि लगेच गार पाण्यात बुडवायचं. मऊ प्लास्टिक तसंच राहतं. धावणारा गडी चढणीला लागतो. मग शिरस्त्राण कापून हॅट. हॅटचा घेर पातळ प्लास्टिकच्या चकतीचा, वरचा उंचवटा एम-सीलचा. हो, नळाच्या गळतीवर लावतात तेच. दोन रंगांचे गोळे मळायचे आणि ते कडक व्हायच्या आत सुईच्या टोकाने घड्या पाडायच्या. डाव्या बाजूला पीस. साध्या शिपायाचं काळं, कनिष्ठ अधिकाऱ्याचं गरुडाचं तपकिरी, वरिष्ठांचं पांढरं. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची चंदेरी पन्नी चार मिलिमीटर लांब कापली की झालं. पिसाच्या बुडाशी लोकरीचा बारीक गोंडा असतो. त्याचा रंग रेजिमेंटमधली बटालियन सांगतो: पहिली पांढरी, दुसरी लाल, तिसरी हिरवी. टेबलावर तो ठिपका भिंगाशिवाय दिसत नाही, तरी मी रंगवतो.

हिमनदीवर हे लोक गणवेशावर पांढरा झगा आणि डोक्यावर पांढरं टोपडं चढवत. म्हणजे खरं पाहता पीस झाकलं जायला हवं. पण मग हे आल्पिनी आहेत हे ओळखायचं कशावरून? तिथे मी इतिहासाचं ऐकत नाही.

खरी मजा सामानात. जुन्या इअरफोनच्या वायरीतली तांब्याची तार दोन पदरी पिळली की दोर होतो. स्टेपलरची पिन वाकवून बर्फ फोडायची कुदळ. प्लास्टिकच्या पट्टीची स्की, टोक कोमट करून वर वळवलेलं. सव्वादोन मीटरची स्की या मापात एकतीस मिलिमीटर होते आणि माणूस जेमतेम चोवीस. खांद्यावर स्की घेतलेला शिपाई त्यामुळे विचित्र दिसतो, पण मापात कसूर नको. माप सोडायचं तर दिवाळीचा किल्ला आहेच, तिथे महाराज बुरुजाहून उंच असतात आणि कुणाची काही तक्रार नसते.

रंगाचीही गंमत आहे. १९०६ साली बेर्गामोत आल्पिनींच्याच एका तुकडीला करडा गणवेश घालून पाहिला, कारण आधीचा गडद निळा लांबूनही डोळ्यात भरायचा. पुढे सगळ्या इटालियन फौजेने करडा-हिरवा रंग घेतला. माझ्याकडे मात्र त्याच्यावर पांढरा झगा, खाली पांढरा बर्फ, आणि शिपाई गायब. हेतू तोच होता म्हणा! शेवटी झग्याच्या पांढऱ्यात किंचित पिवळी माती आणि बर्फाच्या पांढऱ्यात थेंबभर निळा मिसळला, तेव्हा माणसं बर्फापासून सुटी झाली.

हे शिपाई घेऊन आम्ही टेबलावर जो लढाईचा खेळ खेळतो, त्यात हिमकड्यासाठी वेगळा फासा आहे. तो काढून टाकावा असं नव्या खेळाडूंना वाटतं, कारण न लढताच पलटण जाते. पण १३ डिसेंबर १९१६ ला मार्मोलादा डोंगरावर शत्रूच्या, म्हणजे ऑस्ट्रियन, बराकींवर हिमकडा कोसळला, त्यात अडीचशेहून जास्त माणसं गेली. फासा राहणार.

सध्या टेबलावर तोफ आहे. १९१६ मध्ये आल्पिनींनी सुमारे सहा टनांची १४९ मिलिमीटरची तोफ घसरगाड्यांवरून, दोर लावून आदामेल्लोवर ओढत नेली. शिपाई तिला पाणघोडा म्हणत. अजूनही ती क्रेस्ता क्रोचेच्या कड्यावर, ३,२०० मीटरच्या वर उभी आहे. तिच्यासाठी मी दोर ओढणारी माणसं बनवतोय. बंदुका पाठीला, दोन्ही हात दोरावर. ऑस्ट्रियाकडून खेळणारा माझा मित्र परवा ती रांग बघत म्हणाला,

"अरे, यातला एकही गोळी झाडत नाही. यांचा उपयोग काय?"

"तोफ आणतात."

त्याने नियमांचं पुस्तक काढून हिशेब केला. या चढावर, या वजनाला, तोफ जागेवर पोचणार चौदाव्या डावात. खेळ दहाव्या डावात संपतो.

मी आणखी चार माणसं वाकवायला घेतली आहेत.