तोडणीच्या दिवसांत चिकमगळूर: मळ्यापासून घरच्या फिल्टरपर्यंत

कॉफी समजून घ्यायची असेल तर एकदा तोडणीच्या हंगामात चिकमगळूरला जाऊन या, असं मी सध्या भेटेल त्याला सांगते आहे. कपात जे उतरतं त्यातलं बरंचसं, फळ झाडावरून निघतं त्या दिवशी आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत ठरून गेलेलं असतं. भाजणाऱ्याने कितीही कसब लावलं आणि आपण घरी कितीही महागडं यंत्र आणलं, तरी तेव्हा बिघडलेली चव पुन्हा मिळत नाही. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की दुकानात पाकीट उचलताना आपण काय वाचायचं, काय विचारायचं, ते आपोआप बदलतं.

आमच्या घरी कॉफी म्हणजे आटवलेलं दूध, इन्स्टंट पावडर, साखर आणि वर किसलेलं जायफळ. ती मला आजही प्रिय आहे. पण जायफळ आणि साखर बाजूला ठेवली तर खाली उरतं काय, हे बघायची इच्छा बरीच वर्षं होती. जानेवारीत जमलं.

वेळेबद्दल आधी सांगते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. इथे कॉफीच्या दोन जाती होतात, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी चालते, रोबस्टाची जानेवारी ते मार्च. जानेवारीत गेलात तर अरेबिकाचा शेवट आणि रोबस्टाची सुरुवात, दोन्ही एका फेरीत दिसू शकतं. नाताळ ते नववर्षाचा आठवडा आणि संक्रांतीला जोडून येणारा शनिवार-रविवार टाळा. बेंगळुरूची गर्दी लोटते आणि खोल्यांचे भाव चढतात. पावसाळ्यात डोंगर देखणे असतात हे खरं, पण तेव्हा झाडावर फक्त हिरवी फळं आणि पायाला जळवा. फुलोरा बघायचा असेल तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वळवाची पहिली चांगली सर पडल्यावर आठवडा-दहा दिवसांनी अख्खा मळा एकदम पांढरा होतो. वास मोगऱ्याच्या जातीचा, आणि सगळा खेळ तीन-चार दिवसांचा. त्याची तारीख कुणीच आधी देऊ शकत नाही. मळेवाल्याशी ओळख असेल तर तो फोन करतो, तेवढाच मार्ग.

पुण्याहून गाडीने कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे असा सरळ महामार्ग आहे, अंतर सातशे किलोमीटरच्या आसपास. एका दमात करू नका. दावणगेऱ्याला मुक्काम करा, सकाळी तिथला बेण्णे डोसा खा आणि मग डोंगराकडे वळा. रेल्वेने जाणार असाल तर हुबळीहून बेंगळुरूकडे जाणाऱ्या मार्गावर बिरूर आणि कडूर ही स्टेशनं सोयीची. कडूरहून चिकमगळूर चाळीसेक किलोमीटर आहे आणि बस मिळतात. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, तेव्हा तिकीट काढण्याआधी थांबे बघून घ्या.

राहायची जागा ठरवताना मात्र वेळ घालवा. ‘इस्टेट स्टे’ अशी पाटी असलेल्या बऱ्याच ठिकाणी कॉफी ही खोलीच्या खिडकीतून दिसणारी झाडं एवढ्यापुरतीच असते. फोनवर तीन गोष्टी विचारा. आम्ही येऊ तेव्हा तोडणी चालू असेल का? तुमचा स्वतःचा पल्पर, म्हणजे फळं सोलायचं यंत्र, आहे का, की फळं तशीच वाळवता? संध्याकाळी फळं मोजली जातात तिथे उभं राहिलं तर चालेल का? तिसऱ्या प्रश्नाला जो आनंदाने हो म्हणेल त्याच्याकडे जा. आणखी एक: बऱ्याच मळ्यांवर आठवड्याची सुट्टी जवळच्या गावच्या आठवडी बाजाराला जोडून असते. त्या दिवशी मळ्यात कुणी नसतं, म्हणून बाजाराचा वारही विचारून ठेवा.

आम्ही राहिलो तो मळा मुल्लयनगिरीच्या उतारावर होता. मुल्लयनगिरी हे 1,930 मीटर उंचीचं, कर्नाटकातलं सर्वांत उंच शिखर. बाहेरून मळा म्हणजे रानच वाटतं. वर सिल्व्हर ओक, फणस, उंबर, शिसव, मधे पांगारा, खोडांवर मिरीचे वेल चढवलेले, आणि या सगळ्यांच्या सावलीत डोक्याच्या उंचीला छाटून ठेवलेली कॉफी. सावलीमुळे फळ सावकाश पिकतं, पाचोळा जमिनीत कुजतो आणि ओल टिकते. अरेबिकाचा मोठा शत्रू म्हणजे पांढरा खोडकिडा. ऊन थेट पडतं अशा झाडांवर तो जास्त येतो, त्यामुळे एखादं सावलीचं झाड पडलं की मळेवाला अस्वस्थ होतो. रोबस्टाला या किड्याचा तेवढा जाच नाही. तिचं पान मोठं, लाटा पडल्यासारखं, फळं घोसात दाटीने लागलेली. अरेबिकाचं पान लहान, गडद आणि तुकतुकीत. अरेबिकाला साधारण हजार मीटरच्या वरची थंडी मानवते, रोबस्टा खालच्या उबदार भागात खूश असते. दोन झाडं शेजारी दाखवायला सांगा, एकदा बघितलं की पुन्हा गल्लत होत नाही.

सकाळी आठच्या सुमारास तोडणीला लागलेल्या बायकांच्या मागे मीही उभी राहिले. एकाच फांदीवर, एकाच घोसात लाल, पिवळट आणि कच्ची हिरवी फळं असतात. त्यांतली फक्त लाल तोडायची, बाकीची राहू द्यायची आणि पुन्हा काही दिवसांनी त्याच झाडाकडे यायचं. अरेबिकाच्या अशा तीन-चार फेऱ्या होतात. मजुरी किलोवर असते, त्यामुळे फांदी ओरबाडून घ्यायचा मोह होणारच. म्हणून संध्याकाळी वजनाआधी प्रत्येकीने आपलं पोतं ताडपत्रीवर ओतून हिरवी फळं निवडून वेगळी काढायची असा इथे नियम होता. एका मावशींनी मला दोन फळं हातात दिली. पिकलेलं चिमटीत दाबलं की बी सुळकन बाहेर येते, हिरवं दाबलं की नखच दुखतं. पिकलेल्या फळाचा गर नावाला असतो, पण चोखून बघा, चांगला गोड लागतो. पल्परमध्येही हेच होतं. लाल फळ सोललं जातं, हिरवं चेंगरतं किंवा तसंच निसटतं, आणि पुढे कपात तुरट, गवताळ चव आणतं.

पिकलेल्या सहाएक किलो फळांतून विकण्याजोगी एक किलो बी निघते. भाजताना त्यातलं आणखी पंधरा-वीस टक्के वजन उडून जातं. हे गणित लक्षात ठेवून पाकिटावरची किंमत वाचा.

फळं त्याच दिवशी सोलावी लागतात, रात्रभर पोत्यात राहिली की आत तापतात आणि आंबतात. आधी पाण्याच्या टाकीत टाकतात, पोकळ आणि किडकी वर तरंगतात ती काढून घेतात. सोललेल्या बीवर बुळबुळीत चिकट थर राहतो. तो सुटावा म्हणून बी टाकीत ठेवून आंबवतात. अरेबिकाला थंडीनुसार दीड दिवसापर्यंत लागू शकतो. मळ्यावरचे रायटर, म्हणजे देखरेख करणारे, पहाटे स्वेटर-मफलर घालून टाकीवर आले. त्यांनी ढिगात काठी खुपसून बाहेर काढली. भोक बुजून गेलं, म्हणजे अजून वेळ आहे. दोनेक तासांनी पुन्हा तेच केलं, तेव्हा भोक तसंच उघडं राहिलं. मग मूठभर बी तळव्यात चोळून माझ्यापुढे धरली. बुळबुळ गेलेली, बी वाळूसारखी खरखरीत. लगेच पाणी सोडून धुवायला घेतली. तासभर उशीर झाला तर काय, असं विचारल्यावर ते हिंदीत एवढंच म्हणाले, “मॅडम, एक टंकी खराब तो पूरे दिन की तोडणी खराब.” हा भाग बघायचाच. बहुतेक पाहुणे तेव्हा झोपलेले असतात, म्हणून आदल्या रात्री सांगून ठेवा.

धुतलेली बी खळ्यावर किंवा जाळीच्या मंचांवर पातळ पसरतात, दिवसभर खाली-वर करतात, रात्री झाकतात. ओल दहा-अकरा टक्क्यांवर येईपर्यंत आठवडाभर किंवा थोडं जास्त. दुसरी पद्धत म्हणजे फळ न सोलता सबंध वाळवायचं, त्याला दोनेक आठवडे जातात. व्यापारातली नावं यातूनच आली आहेत. धुतलेली अरेबिका म्हणजे ‘प्लांटेशन’, धुतलेली रोबस्टा म्हणजे ‘पार्चमेंट’ आणि फळासकट वाळवलेली कुठलीही ‘चेरी’. पुढचं ए, बी, सी हे बीच्या आकारावरून. ‘पीबी’ म्हणजे पीबेरी, फळात दोनाऐवजी एकच गोल बी भरते ती. ती जास्त चविष्ट असते अशी दुकानदारांची जाहिरात असते, मला तसं ठामपणे वाटलं नाही. गोल असल्यामुळे भाजली मात्र सारखी जाते.

मळ्यात फिरताना एक सूचना गंभीरपणे घ्या. मूडिगेरे, सकलेशपूर आणि कोडगूच्या भागात मळ्यांमधून हत्ती फिरतात. अंधार पडल्यावर किंवा भल्या पहाटे एकट्याने पायवाटांवर जाऊ नका, मळ्यावरचा माणूस बरोबर घ्या.

गावातलं कॉफी बोर्डाचं संग्रहालय लहान आहे, पण मळा बघून झाल्यावर गेलात तर तक्ते चांगले समजतात. सरकारी कचेरीच्या वेळा आहेत, कामाच्या दिवशीच जा. बाळेहोन्नूरला केंद्रीय कॉफी संशोधन संस्था आहे. 1925 साली सुरू झालेल्या या केंद्रातून एस. 795, कावेरी, चंद्रगिरी असे वाण मळ्यांत गेले. शेतीत रस असेल तर आधी परवानगी मागून जा, वाटेवरचा पर्यटनाचा थांबा म्हणून नको.

बाबा बुडनगिरीला मात्र जाच. सतराव्या शतकात बाबा बुडन या सूफी संताने येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि या चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगते. गुहेतलं स्थान दत्तपीठ म्हणूनही पूज्य आहे आणि दर्गा म्हणूनही. त्यामुळे मराठी दत्तभक्तांना ही जागा परकी वाटणार नाही. दत्तजयंतीच्या आसपास डोंगरावर पर्यटकांना काही दिवस बंदी घालतात. मुल्लयनगिरीकडे जाणाऱ्या वाहनांचे नियमही बदलत असतात. म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा आणि सकाळी लवकर निघा, दहानंतर घाटात गाड्यांची रांग लागते.

खरेदी गावातल्या भाजणाऱ्यांकडे केली तर समोर दळून देतात. तिथे पहिला प्रश्न येतो, चिकोरी किती? चिकोरी हे भाजलेलं मूळ. तिच्यात कॅफिन नाही, रंग आणि दाटपणा मात्र भरपूर. नियमानुसार मिश्रणात निम्म्याहून जास्त कॉफी हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं, ते वाचा. दुधाच्या कॉफीला वीस टक्क्यांपर्यंत चिकोरी मला चालते. त्यापुढे कॉफी मागे पडते. आणि पूड किलोभर आणू नका. दळलेल्या कॉफीचा वास काही दिवसांत उडतो. अख्ख्या बिया, भाजल्याची तारीख बघून, महिनाभर पुरतील एवढ्याच घ्या आणि हातदळणी विकत घ्या. पैसे कुठे घालायचे असतील तर ते तिथे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घट्ट झाकणाचा डबा कपाटात ठेवा. फ्रिजमधून डबा वारंवार आत-बाहेर केला की त्यात ओल धरते.

घरी स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर सगळ्यांत सोपा. वरच्या भांड्यात वीसेक ग्रॅम मध्यम-बारीक पूड, चकती हलकीच ठेवायची, दाबायची नाही. उकळी येऊन थोडं थांबलेलं पाणी आधी पूड भिजेल इतकंच ओता. अर्ध्या मिनिटाने बाकीचं, एकूण सव्वाशे मिलीपर्यंत. वीस मिनिटांत अर्क खाली येतो. बिनचिकोरीची कॉफी भराभर गळते, तेव्हा दळण थोडं बारीक ठेवा. अर्क पुन्हा उकळू नका, दूध कडकडीत गरम करून त्यात घाला. काळी प्यायची असेल तर कागदी फिल्टरवर पंधरा ग्रॅमला दोनशे चाळीस मिली पाणी, तीनेक मिनिटांत उरकायचं. बोअरवेलचं जड पाणी वापरलंत तर धुतलेल्या अरेबिकाचा हलका आंबटपणा पार मरतो. महापालिकेच्या नळाचं पाणी गाळून घेतलं की पुरतं.

विदर्भातल्या मंडळींना एवढं लांब जाणं जमणार नसेल तर चिखलदरा आहे. सातपुड्यात, हजार मीटरच्या वर, महाराष्ट्रात कॉफी होते ती तिथेच, इंग्रजांच्या काळापासून. लागवड अगदी थोडी आहे आणि चिकमगळूरसारखी पल्पर-टाक्यांची व्यवस्था बघायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. पण हिवाळ्यात गेलात तर फांदीवरची लाल-हिरवी फळं आणि सावलीतली झाडं बघता येतील. जाण्याआधी तिथल्या माणसांकडून तोडणी कधी आहे ते विचारून घ्या.