सेल्फ ‘टक्’ करून थांबला तर

एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणारी चार जाड चाकांची गाडी, ट्रॉलीवरून उतरवली तेव्हा तिच्या सीटखालून अजून पाणी ठिबकत होतं. ओढ्याच्या मध्यावर बंद पडली, पाणी सीटला लागलं होतं, एवढंच मालकाने सांगितलं. मी विचारलं, "नंतर सेल्फ किती वेळा मारलात?"
"तीन-चारदा. टक् होतं आणि थांबतं."

बॅटरी उतरली तरी असंच टक् होतं, म्हणून आधी मीटर लावला. 12.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. मग संशय सिलिंडरमधल्या पाण्यावर. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. चालू इंजिनाने पाणी ओढलं तर हा धोका फार मोठा, पण नुसत्या सेल्फच्या जोरावरही रॉड वाकू शकतो. चावी काढून ठेवली.

बहुतेक जण इथे सरळ स्पार्क प्लग खोलून सेल्फ मारतात. मी आधी एअरबॉक्स उघडला, म्हणजे इंजिन जिच्यातून हवा ओढतं ती फिल्टरची पेटी. फोमचा फिल्टर चिंब, खाली चार बोटं पाणी. हे तसंच ठेवून इंजिन फिरवलं असतं तर एकीकडून पाणी बाहेर आणि दुसरीकडून आत! बॉक्सच्या तळाचं बूच काढलं, कापडाने पुसून घेतलं. फोम साबणाच्या पाण्यात धुतला. तो पिळायचा नाही, दाबायचा; पिळला की फाटतो. वाळल्यावर फिल्टर ऑइल लावायचं. कागदी फिल्टर भिजला असता तर सरळ नवा.

मग पेट्रोलचा कॉक बंद केला, प्लगभोवतीची माती हवेने उडवली आणि प्लग काढला. कॅपमध्ये पाणी होतंच. प्लग कॅपमध्ये बसवून भोकापासून लांब, इंजिनच्या धातूला टेकवून ठेवला. करंट उघडा सोडला तर इग्निशन बिघडू शकतं आणि भोकाजवळ ठिणगी पडली तर पेट्रोलची वाफ पेटते. भोकावर फडकं, तोंड बाजूला आणि सेल्फ पाच सेकंद. पाण्याचा फवारा फडक्यासकट उडाला. मध्ये विश्रांती देत असं चार वेळा केलं, तेव्हा नुसती वाफ यायला लागली. चमचाभर इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये सोडून पुन्हा एकदा फिरवलं, म्हणजे भिंतींना गंज धरत नाही.

कार्बोरेटरच्या बाउलचा, म्हणजे तळाच्या पेट्रोलच्या वाटीचा, ड्रेन स्क्रू काचेच्या बाटलीवर सैल केला. बाटलीत स्पष्ट दोन थर: वर पेट्रोल, खाली पाणी. बाउलची हवेची नळी खाली लोंबत असते, तिथून हे शिरतं. कॉक उघडून दुसऱ्यांदा काढलं तर स्वच्छ पेट्रोल आलं, म्हणजे टाकी वाचली. टाकीतूनही पाणी आलं असतं, तर टाकी रिकामी केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता.

नवा प्लग लावून पाहिला, करंट नाही! कॅप फिरवून काढली तर तारेचं टोक हिरवं पडलेलं. पाच मिलीमीटर कापून कॅप पुन्हा बसवली. तरी नाही. शेवटी हँडलवरचा किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, खोललं. आत पाणी, संपर्क एकमेकांना भिडल्यासारखे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून हवेने वाळवलं आणि निळी ठिणगी पडली.

सुरू करण्याआधी थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं; मॅन्युअलमधल्या मर्यादेत होतं. रॉड थोडा जरी वाकला असता तर पिस्टन पूर्ण वर आला नसता आणि आकडा पडला असता.

डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ दिसत होतं. मालकाला वाटलं, ऑइल वाचलं. पण बंद इंजिनात पाणी तळाला बसतं आणि ऑइल त्यावर तरंगतं. ड्रेन बोल्ट काढताच आधी कपभर पाणीच आलं. नवं ऑइल आणि फिल्टर टाकला. तिसऱ्या सेल्फला चोकवर इंजिन लागलं, सायलेन्सरमधून पाणी आणि पांढरी वाफ. पाच मिनिटं आयडलवर चालवून ऑइल काढलं तर दुधाळ. दुसऱ्यांदा थोडं राखाडी, तिसऱ्यांदा स्वच्छ. यासाठी महाग ऑइल वापरायची गरज नाही, पण योग्य ग्रेडचंच हवं.

इंजिनची ताकद चाकांकडे नेणाऱ्या बेल्टच्या कव्हरचं बूच काढून तिथलंही पाणी सोडलं. ओला बेल्ट घसरतो आणि वेग येत नाही, त्याला इंजिनचा दोष समजू नये. न्यूट्रलमध्ये थोडा वेळ रेस दिली की पुली वाळतात.

मागच्या डिफरेन्शियलचं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरकेसचं, ऑइलही दुधाळ निघालं. गरम गिअरकेस गार पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि हवेच्या नळीतून पाणी ओढलं जातं. या गाडीत ती नळी क्लिपमधून सुटून चाकाजवळ लोंबत होती. ऑइल बदललं, नळी चेसिसवरून वर नेऊन हँडलच्या कव्हरखाली बांधली.