कुणाकडं आल्यास?

होमस्टेच्या रजिस्टरमध्ये एक रकाना होता, 'येण्याचं कारण'. पोरगा पेन पुढं करून उभा, बाहेर धो धो पाऊस, बायको आणि लेक डिकीतनं बॅगा काढायलेत आणि मी आपला त्या रकान्यापाशी अडकून बसलेलो. शेवटी वरच्या ओळीत कुणीतरी 'टुरिझम' लिहिलं होतं, तेच बघून उतरवलं. शाळेत पण मी असाच पास झालो.

जागा म्हणाल तर बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अलीकडं, चोर्ल्याच्या रस्त्यावरनं आत. गोव्याला जाणारे तिथं फार तर चहाला थांबतात. आता बोर्डावर सगळीकडं बेळगावी झालंय, २०१४ पासून, पण तोंडातलं बेळगाव काय जात नाही. तर याच भागात मी १९९४ ते १९९६ अशी दोन वर्षं काढली, मिशनचा माणूस म्हणून.

मिशनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं गोरा, दाढीवाला, टोपी घातलेला साहेब येतो. मी बेळगाव कॅम्पातला, बीकॉमला एक विषय राहिलेला, सावळा, सायकलवाला. आमच्याकडं मिशन हा काही परदेशी शब्द नाहीच. लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० साली बळ्ळारीहून बेळगावात आले, १९०४ ला ते काम मेथडिस्ट चर्चकडं गेलं, आणि आमची बेननस्मिथ शाळा त्यातलीच. त्यामुळं घरात मिशन म्हणजे शाळा, मिशन म्हणजे दवाखाना, मिशन म्हणजे कुणाच्या तरी काकाची नोकरी. एका रविवारी उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, दोन वर्षं खेड्यात जातोस का, महिना आठशे रुपये, आणि मी घरी बसून वडिलांची बोलणी खाण्यापेक्षा बरं म्हणून हो म्हटलं. देवाचं बोलावणं वगैरे मी नंतर लोकांना सांगायचो, खरं कारण तो राहिलेला विषय.

सोबत दिलेलं सामान एक बाजाची पेटी, एक औषधांचा डबा, कंदील आणि छापील फॉर्मांचा गठ्ठा. संध्याकाळी रात्रशाळा, रविवारी झाडाखाली शब्बाथ शाळा, कुणाला कापलं-बिपलं तर आयोडीन. महिन्याच्या शेवटी फॉर्म भरून मुक्कामाच्या गाडीच्या कंडक्टरकडं द्यायचा. त्यात रकाने होते: घरभेटी किती, सभा किती, आजारी किती, बाप्तिस्म्यासाठी तयार किती. शेवटचा रकाना माझा दोन वर्षं कोराच राहिला. लोक पेटी ऐकायला यायचे, पोरं पाढे शिकायला यायची, प्रार्थनेलाही हात जोडून बसायची आणि मग उठून माऊली देवीच्या जत्रेला जायची. मला राग यायचा का? सुरुवातीला यायचा. नंतर मीच पेटीवर त्यांच्या भजनाला साथ द्यायला लागलो, ते फॉर्मात कुठं लिहायचं कळेना म्हणून 'सभा' मध्ये धरलं.

लेकीला हे सगळं गाडीत सांगत होतो तर ती म्हणाली, बाबा, म्हणजे तू फेल्युअर होतास. बायको पुढच्या सीटवर एवढी हसली की चष्मा काढून पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी कणकुंबीला गेलो. आता ऐका, दोन वर्षं मी मलप्रभेच्या उशाशी राहिलो आणि तिचा उगम बघितलेला नव्हता. उगमाचं तीर्थ देवळाच्या आवारात, आणि मिशनचा माणूस देवळात कशाला, लोक काय म्हणतील, पाळकसाहेब काय म्हणतील, असं करत करत राहिलं ते राहिलंच. यावेळी चपला काढल्या आणि सरळ आत गेलो. कुणी ढुंकूनही बघितलं नाही. टुरिस्टाला कुठंही जाता येतं, कारण त्याचं कुठंच काही नसतं. लेक फोटो काढत होती आणि मी पाण्याकडं बघत उभा. इथनं निघून ही बाई खानापूरला नदीघाटाखालनं जाते, सौंदत्तीजवळ धरणात अडते, आणि पार कूडलसंगमला जाऊन कृष्णेला मिळते. आणि याच खानापूर तालुक्यातली म्हादई मात्र तोंड फिरवून गोव्याला निघते, तिथं मांडवी होते. शेजारच्या घरातल्या दोघी, एक पूर्वेला दिली, एक पश्चिमेला. मी रात्रशाळेत पोरांना गंगा-यमुना शिकवली, नकाशा तसाच होता मिशनचा. ह्या दोघींचं नाव एकदा पण घेतलं नाही.

गावात जायचं मी दोन दिवस टाळत होतो. का ते मलाच माहीत नाही, ओळखलं नाही तर काय आणि ओळखलं तर काय, दोन्हीची भीती. शेवटी बायकोनंच ओढून नेलं. मातीची घरं बरीचशी पक्की झालेली, मी राहायचो ती खोली गेलेली, तिथं आता पाण्याची टाकी. मावशी मात्र होती, पडवीत कुळीथ निवडत बसलेली. डोळ्यावर हात धरून बघितलं आणि विचारलं,

"कुणाकडं आल्यास रं?"

१९९४ ला बसमधनं उतरलो तेव्हा पण हिनंच हेच विचारलं होतं. तेव्हा माझ्याकडं पाठ केलेलं उत्तर होतं, मिशनकडनं आलोय, तुमच्या सेवेला. यावेळी म्हटलं, फिरायला आलोय मावशी.

"फिरायला? ह्या पावसात? हितं काय हाय बघायला?"

मग मी नाव सांगितलं, पेटी सांगितली, रात्रशाळा सांगितली. काही पत्ता नाही. कंदील, आयोडीन, पाढे, नाही म्हणजे नाही. तेवढ्यात तिच्या सुनेनं आतनं काहीतरी विचारलं आणि मावशीचा चेहरा एकदम उघडला.

"म्हंजे पेजंचा मास्तर काय तू?"

झालं होतं असं की पहिल्याच पावसाळ्यात मी फणसाचे गरे जीव खाऊन खाल्ले, वर विहिरीचं पाणी, आणि असा आडवा झालो की औषधांच्या डब्यातलं जे काय होतं ते सगळं मलाच लागलं. रस्ता बंद, गाडी बंद. अकरा दिवस ह्या बाईनं मला उकड्या तांदळाची पेज घातली, मीठ घालून, वाटीवाटीनं. त्या महिन्याच्या फॉर्मात 'आजारी किती' पुढं मी एक लिहिलं होतं. तो एक मीच.

मावशी लेकीला सांगत होती, तुझ्या बाला मी पेज घालून उठवलाय, न्हाईतर तू कुठली! आणि मग विचारलं कुठं उतरलाय, होमस्टेचं नाव ऐकल्यावर सुनेकडं बोट दाखवून म्हणाली, मग रात्री खाल्लेली भाकरी हिनंच थापल्याली की. होमस्टेच्या मेनूत ती 'ऑथेंटिक व्हिलेज मील' म्हणून होती, नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, एका ताटाला साडेतीनशे. मी सुनेला विचारणार होतो तुम्हाला त्यातले किती मिळतात, पण जीभ उचलली नाही. लेक कानात म्हणाली, बाबा, चहाचं काही द्यायचं का यांना? मी तिला डोळ्यानं गप्प केलं. निघताना उलट मावशीनंच पिशवीभर कुळीथ दिलं आणि म्हणाली, परत येशील तवा सरळ घराकडं ये, त्या लोकांस्नी कशाला पैसे देतोस.

सकाळी चेकआउट करताना होमस्टेचा पोरगा मोबाईल घेऊन आला, सर, एक रिव्ह्यू टाका ना, फाइव्ह स्टार. उघडलं तर परत रकानेच! स्वच्छता, लोकेशन, जेवण, स्टाफ. मी बराच वेळ बोट धरून बसलो आणि सवयीनं जे खरं ते लिहिलं: जेवण उत्तम. भाकरी थापणारी बाई गावातली आहे, तिला पगार वाढवा. जळवा आहेत.

पोरानं वाचलं. पगाराचं वाचून गालात हसला, मान खाली घातली.

"सर, जळवांचं तेवढं काढा की."