लाईट जाणारे

उद्या दुरुस्तीसाठी सकाळी १० ते दुपारी २ वीजपुरवठा बंद राहील, असा मेसेज आला की आमच्या घरात सगळ्यांना एकदम कामं आठवतात. आठ दिवस लोळत पडलेल्या कपड्यांची इस्त्री तेव्हाच करायची असते, मशीन तेव्हाच लावायचं असतं, आणि मिक्सर तर काय विचारू नका. फक्त चार तास जाणारे हो, पण लगबग अशी की वीज कायमची घर सोडून चाललीये.

मी मात्र टॉर्च शोधायला घेते. "अगं दिवसाची जाणारे लाईट, टॉर्च कशाला?" हा प्रश्न येतोच. तर आमच्या सामानाच्या खोलीला खिडकी नाही, तिथे भर दुपारी पण मिट्ट अंधार असतो, आणि दुसरं म्हणजे २ वाजता म्हणजे २ वाजताच येईल यावर माझा विश्वास नाही.

टॉर्च घरात तीन आहेत. पहिली सापडली ड्रॉवरच्या तळाशी, चिकटपट्ट्या आणि कुठल्यातरी मेलेल्या रिमोटच्या खाली. बटण दाबलं, ढिम्म. मागचं झाकण फिरेना, फडक्यात धरून जोर लावला तेव्हा करकर करत उघडलं आणि आत बघते तर सेलच्या बुडाला पांढरा भुगा, स्प्रिंग हिरवी पडलेली, आणि सेल असे घट्ट बसलेले की टेबलावर आपटून आपटून शेवटी एक निघाला, दुसरा अजून आतच आहे. अल्कलाइन सेल खूप दिवस तसेच राहिले की त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतं आणि हवा लागून त्याचा तो भुगा होतो. कातडीला आणि डोळ्यांना ते वाईट, त्यामुळे नखाने खरवडू नये, हातमोजे घालून व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसावं. हे मला नखाने खरवडून झाल्यावर कळलं. म्हणजे बघा, अडीनडीला म्हणून जपून ठेवली आणि जपण्यानेच गेली बिचारी.

मग उरलेल्या दोन्हींतले सेल काढून रबरबँडने टॉर्चलाच बांधले. यावर घरातून लगेच आक्षेप, की अंधारात ते घालणार कसे? मुद्दा बरोबर होता, राग आला तरी. म्हणून मी डोळे मिटून घालून बघितले. सपाट बाजू स्प्रिंगकडे एवढं लक्षात ठेवलं की जमतं, पण पहिल्या खेपेला एक सेल घरंगळत सोफ्याखाली गेला आणि मला डोळे उघडावे लागले. आता एका टॉर्चमध्ये सेल कायम असतात आणि दर महिन्याला मी ती उघडून बघते, दुसरी आपली रबरबँडवाली.

तेव्हापासून माझं असं मत झालंय की वस्तू घरात असणं वेगळं आणि अंधारात हाताला लागणं वेगळं. उजेडातून एकदम अंधारात गेलं की डोळे नीट सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि जरा सरावतायत तोवर कोणीतरी मोबाईलचा टॉर्च थेट तोंडावर मारतं की परत पहिल्यापासून सुरू. त्यामुळे भरवसा हातावरच. मी यावर हुशारी म्हणून टॉर्चला अंधारात चमकणारा स्टिकर लावला होता, ज्याला सगळे रेडियम म्हणतात पण त्यात रेडियम बिडियम काही नसतं, आधी उजेड पिऊन घेतला तरच तो चमकतो, आणि मी टॉर्च ठेवली होती बंद ड्रॉवरमध्ये. आता ती सामानाच्या खोलीत दाराच्या मागे, खांद्याच्या उंचीवर खिळ्याला लटकवलीये. तिथून कोणी हलवायची नाही, घरात याच एका गोष्टीवर मी खरोखर ओरडते. मेणबत्त्या मी जवळपास बंद केल्या. त्या लावायला काडेपेटी शोधा, काडेपेटी शोधायला मेणबत्ती लागते, आणि वर पडदा कुठे उडतोय ते बघत बसा. त्यापेक्षा टॉर्च छताकडे तोंड करून उभी ठेवली की खोलीभर मऊ उजेड पडतो.

आणि आपण आपले लाईट गेली लाईट गेली म्हणतो, पण दिवसा दिव्यांचं कोणाला काय पडलेलं असतं. जातो तो पंप, जातं ते वायफाय, आणि सगळ्यात जास्त जीव अडकतो तो फ्रीजमध्ये. खरं म्हणजे फ्रीजचं दार बंद ठेवलं तर आतला गारवा साधारण ४ तास टिकतो, गच्च भरलेला फ्रीजर तर ४८ तासांपर्यंत काढतो, अर्धा भरलेला असेल तर २४. म्हणून मी आदल्या रात्री पाण्याच्या बाटल्या भरून फ्रीजरमधल्या रिकाम्या जागेत सारते, काठोकाठ नाही, कारण बर्फ होताना पाणी फुगतं आणि बाटली तडकते. पण फ्रीजचा शत्रू लाईट नाहीच, घरातली माणसं आहेत. आत अजून गार आहे का हे बघायला दार उघडणारा माणूस प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे दोन आहेत. म्हणून दारावर कागद चिकटवते, "उघडू नये".

बाकी मग बादल्या भरणं, दहाच्या सुमाराला लिफ्टमध्ये पाय न ठेवणं हे ओघाने आलंच. पॉवर बँक चार्जला लावायची, त्यावर १०००० लिहिलेलं असलं तरी फोनपर्यंत पोचतं त्यातलं साठ-पासष्ट टक्के, बाकी मधल्यामध्ये गळतं. लाईट गेली की घरचे सगळे एकत्र बसून गप्पा मारतात असं लोक फार प्रेमाने लिहितात, आमच्याकडे प्रत्येक जण आपापली पॉवर बँक घेऊन आपापल्या खोलीत जातो. इस्त्रीचा प्लग मात्र मी स्वतः काढून ठेवते, कारण लाईट नसताना बटण चालू की बंद हे कोणाला आठवत नाही, आणि लाईट येईल तेव्हा आपण घरात असूच असं नाही.

तर यावेळी ही सगळी तयारी झाली, दहा वाजले. सव्वादहा झाले. पंखा आपला गरागरा फिरतोय. साडेदहाला परत मेसेज आला, काम पुढे ढकललंय, नवीन तारीख कळवू. घरात कोणी हुश्श केलं नाही, उलट जरा तोंडंच पडली. भरलेल्या बादल्या तशाच, मिक्सर पहाटे सहाला फिरवून शेजाऱ्यांना उठवलेलं ते वेगळंच.

मी सामानाच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि त्या मिट्ट अंधारात हात पुढे केला. पहिल्या झटक्यात सापडली. तेवढ्यात बाहेर फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला.