पंचवीस पावलांवरची टेप

गेल्या मोसमात आमच्या मुलींचा ४ बाय १०० रिलेचा संघ बाद झाला, आणि बॅटन पडला नव्हता. हे आधीच सांगते, कारण रिले फसली म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कुणाच्या हातून पडला?" कुणाच्याच नाही. दुसरीने तिसरीच्या हातात अगदी व्यवस्थित दिला. फक्त झोनची, म्हणजे बॅटन बदलायच्या ठरलेल्या पट्ट्याची, रेषा ओलांडून दोन ढांगा पुढे गेल्यावर. पंचाने पिवळा झेंडा वर केला. चौथीला तो दिसलाच नाही, ती जीव तोडून पळाली आणि दुसरा नंबर आला म्हणून उड्या मारत बसली. तिला जाऊन सांगायचं काम माझ्याकडे आलं. चूकही माझीच होती, पण ती कळायला मला आणखी चार दिवस लागले.

मी कॉलेजच्या स्प्रिंटर्सना शिकवते. वैयक्तिक १०० मीटरमध्ये कोचच्या हातात फार काही नसतं असं माझं प्रामाणिक मत आहे. वेग बराचसा मुलगी घरूनच घेऊन येते, आपण तो घासूनपुसून देतो. रिले मात्र कोचची. आमच्या चौघींच्या सर्वोत्तम वेळा होत्या १२.६, १२.८, १२.९ आणि १३.१. बेरीज ५१.४ सेकंद. पण रिलेत पहिली सोडली तर बाकीच्या तिघी पळता पळताच बॅटन घेतात, त्यामुळे बेरजेतून दोन सेकंद तरी सुटायलाच हवेत. जमैकाच्या पुरुषांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ३६.८४ काढले, त्याला चारने भागा. ९.२१ येतात. ९.२१ मध्ये १०० मीटर पळणारा माणूस अजून जन्मलेला नाही. जपानचं उदाहरण मी मुलींना दरवर्षी देते. २०१६ ला रिओत त्यांनी ३७.६० मध्ये रौप्य जिंकलं, तेव्हा त्या चौघांपैकी एकही जण कधी दहा सेकंदांच्या आत पळालेला नव्हता. उलट अमेरिकेच्या पुरुषांनी आणि बायकांनीही २००८ ला बीजिंगमध्ये प्राथमिक फेरीतच बॅटन पाडला होता.

ज्यांनी रिले फक्त टीव्हीवर पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं. बॅटन बदलायला ३० मीटरचा पट्टा असतो. पूर्वी तो २० मीटरचा होता आणि त्याआधी वेग पकडायला दहा मीटर वेगळे मिळत, आता सगळं एकच. घेणारी झोनच्या सुरुवातीला उभी राहते. तिच्या मागे, म्हणजे बॅटन घेऊन येणारीच्या वाटेवर, आपल्या लेनमध्ये एक टेप चिकटवायची परवानगी असते. जास्तीत जास्त ५ सेंटिमीटर रुंद, ४० सेंटिमीटर लांब. खडूची रेघ चालत नाही. येणारीचा पाय त्या टेपवर पडला की घेणारीने वळून सुसाट सुटायचं, मागे बघायचं नाही. झोनमध्ये वीसेक मीटर आत गेल्यावर मागून हाक येते, हात मागे जातो, बॅटन हातात. टेप किती लांब लावायची यावर सगळा खेळ. जवळ लावली तर येणारी पाठीवर आदळते, लांब लावली तर ती पोचतच नाही. हे अंतर पावलांनी मोजतात, टाचेला बोटं लावत.

आमची गाठ अडकली होती दुसऱ्या बदलात. तिसऱ्या लेगवरची, म्हणजे तिसरा टप्पा पळणारी मुलगी बेंड (ट्रॅकचं वळण) सुरेख पळते, पण सुटायला उशीर करायची. टेप तेवीस पावलांवर होती आणि दुसरी तिच्या अंगावर येऊन आदळायची. एकदा स्पाइक्सचं, म्हणजे पळायच्या खिळेवाल्या बुटांचं, टोक टाचेला लागून रक्तही आलं. मी काय केलं? टेप मागे सरकवली. पंचवीस. तरी तेच. सत्तावीस. जरा बरं. शेवटी तीस पावलांवर बदल इतका देखणा व्हायला लागला की मी तो व्हिडिओ इतर कोचना दाखवत फिरले. आता आठवलं की कानशिलं तापतात.

स्पर्धेच्या दिवशी कळेना की झालं काय. माझा पहिला संशय दुसरीवर, दमली असेल. दुसरा संशय असा की तिसरी घाबरून लवकर सुटली. चौथ्या दिवशी एका ज्युनिअर मुलाने प्रेक्षकांतून मोबाइलवर काढलेलं चित्रण आणून दिलं. मी ते एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिलं. दुसरीचा पाय टेपवर, आणि त्याच फ्रेमच्या पुढच्या फ्रेमला तिसरीची टाच उचललेली. अख्ख्या मोसमात ती पहिल्यांदाच अगदी वेळेवर सुटली होती, आणि नेमकी त्याचीच शिक्षा आम्हाला मिळाली. तीस पावलांची टेप मी तिच्या उशिरासाठी लावली होती. स्पर्धेच्या जोशात उशीर गेला, टेप तिथेच राहिली.

त्यात आणखी एक भर होती. सरावात दुसरी चाळीसेक मीटरवरून पळत यायची, म्हणजे झोनपाशी पोचताना तिचा वेग चढता. स्पर्धेत ती शंभरच्या वर पळून येते आणि तोवर वेग उतरणीला लागलेला असतो. हे काही आमच्याच मुलींचं नाही. बोल्टने २००९ ला बर्लिनमध्ये ९.५८ काढले तेव्हासुद्धा ६० ते ८० मीटरचा टप्पा त्याने १.६१ मध्ये काटला आणि शेवटचे वीस मीटर १.६६ मध्ये. हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवते. मैदानावर मात्र चाळीस मीटरवरून सराव घेत होते, कारण तसं केलं की मुली दमत नाहीत आणि तासाभरात पंधरा बदल होतात. पंधरा चुकीचे बदल.

पुढच्या स्पर्धेला तीन आठवडे होते. पहिल्या दिवशी टेप पंचवीसवर आणली आणि सांगून टाकलं की आता ही हलणार नाही. बॅटन पिशवीत. सराव फक्त सुटण्याचा. मी टेपच्या रेषेत बाजूला बसायचे, मोबाइल स्लो मोशनवर. दहा वेळा सुटायचं, किती वेळा टेपवर सुटली ते लिहायचं. पहिल्या दिवशी दहात दोन.

तिला विचारलं, "अगं, नेमकं अडतं कुठे?"

"मॅडम, मी सुटले आणि ती पोचलीच नाही तर?"

मग समजलं की शाळेच्या संघात तिच्यासोबत तसंच झालं होतं. ती सुटली, बॅटन आलाच नाही, आणि झोनच्या टोकाला थांबून रिकामा हात मागे धरून उभी राहिली. सगळ्यांसमोर. मी म्हटलं, पोचायची काळजी मागचीची, तुझी नाही. अशा वाक्यांनी काही होत नाही हे बोलतानाच कळत होतं. दुसऱ्या दिवशी दहात तीन.

चित्रण परत परत बघताना लक्षात आलं की ती टेपकडे बघतच नाही. मान वळवून ती येणारीच्या तोंडाकडे बघते. तोंडावरून अंतर कळत नाही, फक्त भीती कळते. दुसरी पळताना दात-ओठ खाते, समोरून बघवत नाही असा तिचा अवतार असतो. तेव्हा मी माझी उन्हाची टोपी काढून तिसरीच्या डोक्यावर घातली आणि तिचा छज्जा भुवयांच्या खाली ओढला. वाकून, मान वळवून उभं राहिल्यावर तिला आता फक्त लेनचा तुकडा, टेप आणि येणारीचे पाय गुडघ्यापर्यंत दिसत होते. बाकीच्या मुली हसून लोळल्या. त्या संध्याकाळी दहात सात.

टोपी आठवडाभर राहिली, मग काढली.

दुसऱ्या आठवड्यात बॅटन बाहेर आला, पण आता दुसरीने पूर्ण अंतर पळून यायचं. असे तीनच बदल दिवसाला, मध्ये आठ-दहा मिनिटं विश्रांती. मुलींना हे भयंकर कंटाळवाणं वाटलं. "मॅडम, नुसतं बसूनच राहायचं का?" हो, बसून राहायचं. दमलेल्या मांडीवर पूर्ण वेगाने चौथा-पाचवा फेरा मारायला लावून मी पूर्वी एका मुलीची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागची शीर, घालवलेली आहे. ती सहा आठवडे बाहेर होती आणि मी तिच्या आईचे फोन घेत होते. शिवाय दमलेल्या पायांवर लावलेली टेप स्पर्धेत कामाचीच नसते.

या पूर्ण अंतराच्या फेऱ्यांत पंचवीसचा आकडा खरा ठरला. मग पावलांचा घोळ निघाला. तिसरी सरावात साध्या बुटांनी मोजायची आणि स्पर्धेत स्पाइक्सनी. स्पाइक्सचा बूट एक सेंटिमीटरने आखूड. पंचवीस पावलांत पाव मीटर गेला. त्या दिवसापासून आमच्या पिशवीत मोजपट्टी असते आणि वहीत लिहिलेलं असतं, ६ मीटर ६०.

हाकेचंही बदलावं लागलं. आम्ही इतरांसारखंच "हात!" ओरडायचो. आठही लेनमध्ये एकाच वेळी तीच आरोळी उठली की घेणारी शेजारणीच्या हाकेवर हात मागे टाकते. नवीन शब्द मुलींनीच ठरवायचा होता. एकीने "बस!" सुचवलं. जीव खाऊन पळणाऱ्या मुलीला मागून "बस" म्हणायचं! अर्धा तास वाद घालून "झप!" वर एकमत झालं. निरर्थक आहे, पण ऐकू येतं.

स्पर्धेच्या सकाळी मी स्वतःला एकच नियम घातला होता, टेपला हात लावायचा नाही. समोरून वारा होता. येणारी जराशी मंदावेल, अर्धं पाऊल पुढे घ्यावं का, असं शंभरदा मनात आलं. अनुभवी कोच घेतातही. माझ्यावर माझाच भरवसा नव्हता, म्हणून मी सरळ उलट्या बाजूला, शेवटच्या बदलापाशी जाऊन उभी राहिले. तिथून मला दुसरा बदल नीट दिसणार नव्हता.

तरी एक गोष्ट दिसली. जागेवर वाकण्याआधी तिसरीने कपाळापाशी हात नेला आणि नसलेल्या टोपीचा छज्जा खाली ओढला.

बदल झाला, झेंडा वर गेला नाही. नंतर चित्रणात पाहिलं, साधारण एकविसाव्या मीटरला बॅटन हातात होता. वेळ ४९.३८, क्रमांक चौथा. बेरजेतून दोन सेकंद आणि दोन शतांश सुटले.

माझ्या डोळ्यांसमोर झालेला शेवटचा बदल मात्र अगदीच वाईट होता. चौथीने सुटल्यावर दोनदा मागे वळून पाहिलं. तिला विचारलं तर म्हणाली, "झप ऐकू आलं, पण आमचंच आहे का ते बघत होते." सोमवारपासून टोपी तिच्या डोक्यावर आहे. तिला ती अजिबात आवडलेली नाही.