गनमेटलचा बुश आणि फोनवरची मालकी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. एम.एस.च्या, म्हणजे साध्या पोलादाच्या, राउंड बारचं वजन इथला कुठलाही टर्नर (लेथवर काम करणारा) तोंडी काढतो. एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, की मीटरला किती किलो ते आलं. 25 एमएमचा बार म्हणजे मीटरला 3.86 किलो. पण गनमेटलचा, म्हणजे तांब्या-कथलाच्या मिश्रधातूचा, बुश (नळीसारखा पोकळ भाग) आला, बिडाचा पोकळ रोलर आला की आकडेमोड वाढते, आणि गनमेटलचा भाव बघता शंभर ग्रॅमची चूकसुद्धा कोटेशनात जाणवते. म्हणून मी एक ॲप केलं. बाहेरचा डाया (व्यास), बोअर (आतल्या भोकाचा व्यास) आणि लांबी टाका, धातू निवडा, वजन येतं. नेट लागत नाही, जाहिराती नाहीत, फोनमधलं दुसरं काहीही ते बघत नाही.

हे ॲप प्ले स्टोअरवर नाही. त्याची एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप थेट बसवायची फाइल, व्हॉट्सॲपवरून एका शॉपमधून दुसऱ्या शॉपमध्ये जाते. कोड मी जीपीएल परवान्याखाली खुला ठेवलाय, म्हणजे कुणीही तो घ्यावा, बदलावा, पुढं द्यावा. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणाऱ्या एका पोरानं त्यात पॅटर्नसाठी (ओतकामाच्या साच्याच्या नमुन्यासाठी) श्रिंकेज अलाउन्स, म्हणजे धातू थंड होताना आकसतो त्याची वाढीव मापं, घातला, बिडाला साधारण एक टक्का, स्टीलला त्याच्या दुप्पट. त्यानं मला विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, परवाना त्यासाठीच तर दिलाय. आता त्याची आवृत्ती पॅटर्नवाल्यांकडं चालते, माझी टर्नर लोकांकडं. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात देशी कॅमेरा घडवून सिनेमा काढला, त्या गावात वस्तू उघडून बघायला आणि सुधारायला कुणाची परवानगी मागायची पद्धत नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये गूगलनं जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर यापुढं ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच ॲप बसतील. सप्टेंबर 2026 पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, 2027 पासून टप्प्याटप्प्यानं बाकी जगात. प्ले स्टोअरच्या बाहेरून येणाऱ्या ॲपलाही हीच अट. स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर गूगलकडं द्यायचा आणि आपलं ॲप त्यांच्याकडं नोंदवायचं. विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी सोपं खातं आहे, पण त्यातून मोजक्याच फोनवर ॲप देता येणार. एफ-ड्रॉइड हे प्ले स्टोअरबाहेरचं ॲप स्टोअर 2010 पासून फक्त मुक्त सॉफ्टवेअर पुरवतंय. हा नियम लागू झाला तर आमचं कामच संपेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ओरड वाढल्यावर नोव्हेंबरमध्ये गूगल थोडं नरमलं आणि जाणकारांसाठी धोक्याच्या सूचना दाखवून ओळख न पटवलेलं ॲप बसवायची एक वाट ठेवू म्हणालं.

मला माझं नाव लपवायचं नाही, ते शॉपच्या पाटीवर आहे. पण मी दिलेलं ॲप पलीकडच्या गल्लीतला टर्नर स्वतःच्या पैशानं घेतलेल्या फोनवर बसवतोय, त्यात तिसऱ्याची संमती कशाला? लेथ विकणारा कधी दारात येऊन सांगत नाही की चकमध्ये कुणाचा जॉब धरायचा.

यावर जे उत्तर मिळतं ते फसवणुकीचं, आणि ते मी हलक्यात घेत नाही. शेजारच्या शॉपमधल्या अण्णांनी परवा फोन पुढं केला.

"आरं, लग्नाची पत्रिका आलीया बघ. उघडंनाच."

नंबर अनोळखी, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके.

"अण्णा, हात लावू नका. पत्रिका अशी येत न्हाई."

अशा फाइली एसएमएस वाचतात, ओटीपी पळवतात, खाती रिकामी होतात. थेट इंटरनेटवरून घेतलेल्या ॲपमध्ये प्ले स्टोअरपेक्षा 50 पटींहून जास्त मालवेअर सापडतं, असं गूगलचं म्हणणं आहे. पण ती पत्रिका फोनकडं मागते काय ते बघा. एसएमएस वाचायची परवानगी, नोटिफिकेशन वाचायची परवानगी, ॲक्सेसिबिलिटी (स्क्रीन वाचायची आणि आपल्या वतीनं बटणं दाबायची परवानगी). चोर या दारांनी आत येतो. ती दारं घट्ट करा, तिथं हव्या तेवढ्या सूचना दाखवा. बुशचं वजन काढणारं ॲप यातलं काहीच मागत नाही.

युरोपच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टनं हा प्रश्न नीट बांधलाय. 7 मार्च 2024 पासून तिथं मोठ्या कंपन्यांना बाहेरची ॲप आणि बाहेरची स्टोअर चालू द्यावी लागतात. ॲपललासुद्धा आयफोन त्यासाठी उघडावा लागला. फोनच्या सुरक्षेसाठी उपाय करायची मुभा आहे, पण गरजेपुरतीच, आणि ती गरज कंपनीनं पटवून द्यायची.

आपल्याकडं हे जवळजवळ हातात आलं होतं. भारतीय स्पर्धा आयोगानं 20 ऑक्टोबर 2022 रोजी अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला 1,337.76 कोटींचा दंड केला आणि सोबत निर्देशही दिले. 29 मार्च 2023 ला अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण चार निर्देश रद्द केले. फोनसोबत आलेली ॲप काढून टाकता यावीत हा त्यातला एक, आणि प्ले स्टोअरबाहेरून ॲप देण्यावर बंधन नको हा दुसरा. दंडाचा आकडा सगळ्यांनी वाचला. या दोन गोष्टी गेल्या त्याची चर्चा उद्यमनगरात तरी माझ्या कानावर आली नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण दंड सरकारी तिजोरीत जातो. हे दोन निर्देश आपल्या खिशातल्या फोनसाठी होते.

आणि प्रश्न एकट्या गूगलचा नाही. नोव्हेंबर 2025 च्या शेवटी दूरसंचार विभागानं संचार साथी ॲप नव्या फोनमध्ये आधीच बसवून द्यायचा आदेश काढला, 90 दिवसांची मुदत दिली, आणि त्याची कामं बंद करता येऊ नयेत अशी अट घातली. चोरीचा फोन ब्लॉक करायला ते ॲप खरंच कामाचं आहे, मी स्वतः लोकांना सांगतो. पण मी ते निवडून घेणं आणि ते माझ्यावर बसवणं यात फरक आहे. विरोध झाला आणि 3 डिसेंबरला सक्ती मागं घेतली गेली.

डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च 2024 मध्ये लोकांपुढं आला. त्यात मोठ्या कंपन्यांनी वापरकर्त्याला बाहेरची ॲप घ्यायला, बसवायला, वापरायला अडवू नये, असं कलम आहे. डिफॉल्ट काय असावं ते वापरकर्त्यानं ठरवायचं, हेही त्यातच आहे. हे कलम जसंच्या तसं कायद्यात यावं, आणि फोनमध्ये आधीपासून बसवलेलं ॲप काढायचा हक्क सरकारी ॲपबाबतही मिळावा, असं मी आमच्या खासदारांना लिहितोय. पत्र मराठीत आहे आणि ॲपच्या कोडशेजारीच ठेवलंय. वाचा, हवं ते बदला, तुमच्या नावानं पाठवा.