बाहेर थांब

काल बाबा मला म्हणाले, तू बाहेर थांब.

तीन शब्द. रागावून नाही, हळू आवाजात पण नाही, बसमध्ये "पुढे सरका" म्हणतात ना तसं, सवयीने. आणि मी काल दुपारपासून ते तीन शब्द चघळत बसलेय. रात्री दीडला पाणी प्यायला उठले तेव्हा तेच, आज लेक्चरला तेच, अकाउंट्सच्या वहीत मागच्या पानावर चार वेळा लिहूनही झालं. लिहिलं की डोक्यातून उतरतं असं मनूताई म्हणते. बघू.

खरं तर कोर्टाबद्दल, माझ्या चोरीच्या केसबद्दल लिहायचं होतं, कारण मोठी गोष्ट ती आहे, पण तिथलं फार काही आठवतच नाहीये.

झालं असं की ठाण्याच्या कोर्ट नाक्यावरून निघालो तेव्हा पाऊस नुसता ओतत होता आणि छत्री एकच, बाबांची ती लांब दांड्याची काळी, जिची एक काडी गेल्या पावसाळ्यापासून मोडलीय. जांभळी नाक्याला येईपर्यंत दोघंही अर्धे अर्धे भिजलो, मी उजवीकडून, ते डावीकडून. दोघंही काही बोललो नाही. मग ते छत्र्या-बॅगांचं दुकान लागलं, बाबा थांबले, छत्री झटकली, पायरी चढले आणि मागे न बघता म्हणाले, तू बाहेर थांब.

मी थांबले.

आता ह्याची कारणं पुष्कळ असू शकतात हे मलाही कळतं. दुकान चिंचोळं होतं, आत आधीच दोन बायका आणि एक रडणारं पोरगं होतं. माझ्या चपला चिखलाने भरल्या होत्या. छत्री घ्यायला दोन माणसं कशाला लागतात. किंवा त्यांना दोन मिनिटं माझ्यापासून लांब उभं राहायचं असेल, सकाळी साडेदहापासून मी त्यांच्या शेजारी बाकावर चिकटून बसले होते. हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलं. पण मग ते बाकीचं पण आठवतं. म्हणजे डिसेंबरपासून सुट्या पैशांचा डबा बाबा स्वतःच मोजतात. आईची पर्स आधी फ्रिजवर असायची ती आता कपाटात असते. मावशीकडे गेलो तेव्हा आई माझ्याबरोबर आतल्या खोलीत आली, उगाचच. ह्यातलं काहीच कोणी बोललेलं नाही. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

मी ताडपत्रीखाली उभी होते आणि मला अचानक लक्षात आलं की मी दोन्ही हात पोटासमोर धरून उभी आहे, तळवे वर करून, रिकामे दिसतील असे. कोणासाठी? समोर एक केळीवाला आणि एक ओलं कुत्रं.

कोर्टाचं एकदाचं लिहूनच टाकते. बोर्डावर आमचा नंबर ५२ होता. पुकारा झाला एकला दहा कमी असताना आणि दीड-दोन मिनिटांत संपलंसुद्धा. दुकानाकडून जो माणूस आला होता त्याच्याकडे कंपनीचं ऑथॉरिटी लेटर नव्हतं, म्हणून पुढची तारीख. वकील मॅडमचं म्हणणं, दुकानवाले तयार झाले तर तडजोड होते आणि विषय मिटतो, पण सही करणारा माणूस तरी हवा ना. (मॅडम विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाल्यात, फुकट. बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे बाबांना, ते बसचे कंडक्टर आहेत ना, डेपोतल्या कोणीतरी सांगितलं. म्हणजे डेपोत कोणालातरी माहितीय. हे नकोच.) मॅजिस्ट्रेट साहेबांनी एकदाच मान वर केली आणि विचारलं शिकतेस का, मी म्हटलं हो सर, एसवाय बीकॉम, ते "हं" म्हणाले आणि पुढचं मॅटर. सात महिने झोप उडवली त्याचं हे "हं".

आणि शब्द काय एकेक. पहिल्या तारखेला माझा जातमुचलका झाला. जातमुचलका! मला आधी वाटलं काहीतरी खायचं आहे, मुटक्यासारखं. स्वतःच लिहून द्यायचं की मी तारखेला येईन, नाही आले तर एवढे पैसे भरीन. समन्सवर लिहिलेलं, भारतीय न्याय संहिता २०२३, कलम ३०३(२). दादाने त्या रात्री गुगल केलं आणि पहिलंच वाक्य मोठ्याने वाचलं, तीन वर्षांपर्यंत कारावास, आणि आई मटकन खालीच बसली, लसणाच्या पाकळ्या मांडीवर तशाच. त्याच कलमात खाली लिहिलंय की माल ५,००० च्या आतला, गुन्हा पहिलाच आणि वस्तू परत केली असेल तर शिक्षा म्हणजे सामुदायिक सेवा. पण तो खालचं वाचेपर्यंत आईचं व्हायचं ते झालं होतं. दादा नेहमीच अर्धंच वाचतो.

माझा माल १,३२९ चा. ब्रश पेनांचा सेट, १२ रंग, १,१८० आणि स्टिकर्सची दोन पानं १४९. दुकानात गेटवर मशीन वाजलं तेव्हा मला खरंच वाटलं दुसऱ्या कोणाचं वाजलं, मी मागे वळून बघितलं पण. मग ती मागची खोली, खोक्यांनी भरलेली, टेबलावर पेनं आणि एक अर्धा खाल्लेला वडापाव शेजारी शेजारी, आणि तो मॅनेजर तर जेमतेम दादाएवढा, मला अहो-जाहो करत होता, "घरी कोणाला बोलवताय का तुम्ही". पोलीस स्टेशनला नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहिली तेव्हा आम्हाला वाटलं झालं, संपलं. पण दुकानाने सोडलं नाही, पॉलिसी आहे म्हणे, कोर्टाची परवानगी काढून तपास झाला आणि जूनमध्ये समन्स घरी.

मॅडम म्हणाल्या, सतरा वर्षांची असतीस तर बाल न्याय मंडळासमोर गेली असतीस, तिथे मॅजिस्ट्रेटबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, आरोपी म्हणत नाहीत, विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात, नाव कुठे छापता येत नाही. मला तेव्हा अठरा होऊन आठ महिने झाले होते. आठ महिने. लायसन नाही काढलं, मतदार यादीत नाव नाही घातलं, पण सज्ञान असण्याचा पहिला उपयोग मी हा केला. बरं, एकवीसच्या आत आहेस म्हणून प्रोबेशनचा १९५८ चा कायदा पण लागू शकतो, समज देऊन सोडू शकतात, असंही त्या म्हणाल्या. सामुदायिक सेवा म्हणजे नक्की काय करायचं हे मी विचारलं तर म्हणाल्या कोर्ट सांगेल ते, बिनपगारी. आई लगेच म्हणाली, घरात कधी झाडू हातात घेतला नाही. सात महिन्यांत आई पहिल्यांदा हसल्यासारखी झाली.

का केलं हे अजून कोणी नीट विचारलेलं नाही. म्हणजे विचारलं, ओरडून, पण उत्तर कोणी ऐकून घेतलं नाही आणि माझ्याकडे होतंही कुठे. एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, तेजूला तर हे सगळंच माहीत नाहीये. त्या दिवशी माझ्या पर्समध्ये १,५०० रुपये होते. ट्युशनचे. बाबा विनातिकीटवाल्यांबद्दल सांगतात ना, ज्याच्याकडे खरंच पैसे नसतात तो मागच्या दाराशी उभा असतो, ज्याच्याकडे असतात तो खिडकीत बसून झोपेचं सोंग घेतो. जाऊ दे.

तर बाहेर थांब.

परत तिथेच आले बघा. ते म्हणताना त्यांनी वळून बघितलं नाही हे मला जास्त लागलंय का? वळून बघितलं असतं तर अजून लागलं असतं बहुतेक. समजा ते म्हणाले असते, चल आत. मग मी आत गेले असते आणि दुकानदाराने "या ताई" म्हटलं असतं आणि मी त्या छत्र्यांमध्ये उभी राहून दर सेकंदाला बाबांकडे बघत बसले असते, ते माझ्या हातांकडे बघतायत का ते. मग मला तेच हवं होतं की नको होतं? काल जर ते म्हणाले असते की तू जा आत, घेऊन ये, मी इथे थांबतो, तर मी गेले नसते. पाय उचललाच नसता. हे आत्ता लिहिताना कळतंय. डिसेंबरपासून मी कुठल्याच दुकानात एकटी गेलेले नाही. डीमार्टच्या बाहेर ट्रॉलीजवळ उभी राहते आणि आईला सांगते एसीने डोकं दुखतं. म्हणजे मला बाहेर थांबवणारी पहिली मीच, आणि बिचाऱ्या बाबांवर काय चाललंय हे माझं.

आणि गंमत बघा. त्या दुकानाचा निम्मा माल बाहेरच टांगलेला होता. पोरांचे रेनकोट, कापडी पिशव्या, फोल्डिंगच्या छत्र्यांचा अख्खा घोस माझ्या खांद्याला लागत होता. चोरायचंच असतं तर आतपेक्षा बाहेर सोपं. बाबांनी जर संशयाने थांबवलं असेल तर त्यांना ह्यातलं काडीचंही कळत नाही असं म्हणावं लागेल, आणि हे मला सुचलं आणि मला तिथे भर पावसात हसू आलं, एकटीलाच, कुत्र्याने पण बघितलं.

बाबा बाहेर आले तेव्हा हातात एक छत्री, निळी, बारीक पांढरे ठिपके. माझ्यासाठी. रंग विचारला नव्हता त्यांनी, पण निळाच आणला. म्हणाले, धर, आणि बिल नीट ठेव. आता हे बिल नीट ठेव म्हणजे काय ह्यावर मी अजून दोन पानं लिहू शकते पण नाही लिहिणार. काडी मोडली तर बदलून घ्यायला. एवढंच. बहुतेक.

स्टेशनवरून लोकमान्य नगरची बस घेतली तर कंडक्टर बाबांच्या ओळखीचे निघाले. "काय मास्तर, आज रजा?" बाबांनी स्वतःचा पास दाखवला आणि माझं एक तिकीट मागितलं. ते म्हणाले, राहू द्या हो, पोरीचं कसलं तिकीट. बाबा म्हणाले, फाड. (मशीन येऊन इतकी वर्षं झाली तरी बाबा फाडच म्हणतात.) दोनदा म्हणाले. आणि माझ्या पोटात परत गोळा आला, की बघ, आता हे पण. पण मग आठवलं की हाफ तिकिटाचं वय झाल्या दिवसापासून बाबांनी माझं तिकीट काढलंय, गर्दी असो नसो, कंडक्टर मित्र असो नसो, आत्या ह्यावरून त्यांना अजून हरिश्चंद्र म्हणते. म्हणजे ह्यात माझा काही संबंध नाही. सगळ्याच गोष्टी माझ्याबद्दल नसतात, च्यायला, हे पण एक दुःखच आहे. ते तिकीट मी घामेजल्या हातात इतकं घट्ट धरलं होतं की उतरेपर्यंत अक्षरं पुसट झाली होती. टाकलं नाही. ते आणि छत्रीचं बिल दोन्ही ह्याच वहीत आहे.

पुढची तारीख ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी. आत्याकडे जायचं की नाही ते तेव्हा बघू. वही दहा रुपयांच्या बॉलपेनने लिहितेय आणि पुरे आहे ते.

हे एवढं लिहून होतंय तोच बाबांनी सुट्यांचा डबा माझ्यासमोर आणून ठेवला, तो जुना बोर्नव्हिटाचा. सकाळी फर्स्ट शिफ्ट आहे, डेपोत मिळतात ते सुटे दोन फेऱ्यांत संपतात, लोक चढले की पाचशेची नोटच काढतात. म्हणाले, शंभर काढून ठेव, एक-दोनचे जास्त घे. आणि जाऊन टीव्हीसमोर बसले. मी डबा पालथा केला आणि मोजायला लागले, मोठ्याने, पाचचं नाणं टाकलं की पाच, दोनचं टाकलं की सात, नऊ, अकरा, त्यांना तिथपर्यंत ऐकू जाईल असं.

"अगं मनात मोज ना, बातम्या ऐकू येत नाहीयेत."

सत्तावीसपर्यंत आले होते. विसरले. परत पहिल्यापासून.